भिंतीवरची वायर

मंगळवार, १४ नोव्हेंबर

वायफाय गेलं!

म्हणजे गल्लीतून नाही गेलं, माझ्याच लॅपटॉपमधून गेलं. सकाळी कॉफी गाळत होतो, तेवढ्यात मशीननं आपलं आपण ठरवलं की आता अपडेट व्हायचं. मला विचारायची पद्धतच नाही. ‘बंद करू नका’ असं निळ्या पडद्यावर लिहिलं आणि गोल गोल फिरत बसलं. मी पण आज्ञाधारक — कॉफी पिऊन झाली, दाढी झाली, कोंबड्यांना दाणे टाकून झाले, तरी हात लावला नाही. शेवटी उघडलं तर सगळं जिथल्या तिथं, फक्त कोपऱ्यातली वायफायची खूण तेवढी गायब.

बंद केलं, चालू केलं. परत बंद, परत चालू. विमानाचं चित्र असलेलं एक बटण आहे, ते दाबलं, सोडलं. मग सेटिंगमध्ये शिरलो. तिथं एका यादीत वायरलेस कार्डाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह! जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला, उद्गारचिन्ह जपून वापरा म्हणून पोरापोरींवर ओरडलो, आणि आता तेच माझ्यापुढे येऊन उभं राहिलंय. डोक्याला ताप नुसता.

आज मंगळवारच आहे हे नशीब. रविवारी विल्किनचा फोन असतो. फोन म्हणजे लॅपटॉपवरच, चेहऱ्यासकट. आणि ह्या रविवारचा चुकवून चालणारच नाही. न्यूयॉर्कला जाऊन अकरा वर्षं झाली पोराला, एकदाही येता आलं नाही. कागद नव्हते, एकदा अमेरिकेबाहेर पडला असता तर परत आत घेतलं नसतं त्याला. आई गेली तेव्हासुद्धा आला नाही तो, पडद्यावरूनच रडला. आता कागद झाले. नाताळला येतोय! मागच्या रविवारी म्हणाला, “तिकीट काढतो पापा, पण तारीख आत्ता सांगणार नाही. पुढच्या रविवारी तिकीट कॅमेऱ्यापुढे धरतो, तुम्हीच वाचा. चष्मा पुसून बसा.”

बटणांचा फोन आहे माझ्याकडे, त्यावर आवाज येतो. पण मला आवाज नकोय, मला त्याचं तोंड बघायचंय. मागच्या वेळी गाल बसल्यासारखे वाटले. दिवसभर परांचीवर उभा राहून इमारती रंगवतो, जेवायची वेळ पाळत नाही. विचारलं तर कॅमेरा हलवतो आणि खिडकी दाखवतो. मी खिडकी बघायला बसतो का?

ग्रेगोरियाचा पण फोन आला होता. ताई ती ताईच. म्हणे, “पोरगा येतोय तर मी पण येते बाबा नाताळला.” मोंतेक्रिस्तीहून, देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून! जी स्वतःच्या शेळ्या सोडून कुणाच्या लग्नाला गेली नाही कधी.


बुधवार, १५ नोव्हेंबर

आज ‘नेटवर्क रीसेट’ नावाचं बटण सापडलं. दाबलं. सगळी जुनी नेटवर्कं विसरली जातील, चालेल का, म्हणालं. चालेल म्हटलं, बाबा, कर काहीतरी. तर विसरलं अगदी चोख, आणि दुरुस्त काहीच झालं नाही. पिवळं चिन्ह जसंच्या तसं.

पासवर्डही त्यात पुसला गेला. तो मला पाठ आहे म्हणा — पोर्फिरिओ. शेजारच्या ओतिलियाच्या नवऱ्याचं नाव.

वायफाय तसं ओतिलियाचं. आमच्या दोन घरांत अंगणाची एकच भिंत. तिच्याकडून वायफाय माझ्याकडे येतं, आणि माझ्या इन्व्हर्टरची वायर भिंतीवरून तिच्याकडे जाते. वीज गेली — म्हणजे रोजच — की तिचे दिवे, पंखा आणि तो राउटर माझ्या बॅटरीवर चालतात. कुणी कुणाला काही विचारत नाही.

ही वायर टाकली ती पोर्फिरिओ गेला त्या दिवशी. घाटात त्याचा ट्रक उलटला. दुपारीच आमच्या सगळ्या ओकोआ गावाला कळलं होतं, एका ओतिलियाला सोडून. ती मागच्या अंगणात केळी तळत होती, आणि आम्ही सगळे येता-जाता “काय म्हणतेस ओतिलिया” करत होतो. रीतच आहे ती इथली. एकट्या, उभ्या माणसाला मरणाची बातमी द्यायची नाही. रक्ताचं कुणीतरी यायला लागतं, डॉक्टर बरोबर असावा लागतो. मग तिलोच्या फुलांचा, जीव शांत करणारा काढा पुढे करायचा, खाली बसवायचं, आणि मग सांगायचं. तिचा भाऊ संध्याकाळी पोचला. काढ्याचा कप माझ्या हातात होता. तिनं कप बघितला आणि काही विचारलंच नाही — वाकून तळणीखालचा गॅस तेवढा बंद केला. रात्रभर माणसं बसणार, आणि वीज नाही. म्हणून मी वायर टाकली. नंतर ती काढायची राहून गेली.

हे कुठून आठवलं मध्येच! मी वायफायचं लिहीत होतो.

दुपारी लॅपटॉप काखोटीला मारला आणि रादामेसच्या सायबर कॅफेवर गेलो. माझाच विद्यार्थी. अख्ख्या क्लासमध्ये सगळ्यात हळू टाईप करायचा, आज गावाची कॉम्प्युटरं दुरुस्त करतो.

“मास्तर, ह्या अपडेटनं गावाचं कंबरडं मोडलंय. सकाळपासून रांग आहे. तुमचा ड्रायव्हर गेलाय.”

“ड्रायव्हर म्हणजे?”

“कार्ड चालवणारा. नव्या मालकानं जुन्याला हाकललं, आणि नवा ठेवला त्याला रस्ता माहीत नाही.”

“मग जुन्याला परत बोलव.”

“तेच करायचंय. पण तो इंटरनेटवरून आणायला लागतो, आणि तुमच्या मशीनला इंटरनेट नाही!” असं म्हणून हसत सुटला गाढव. “उद्या या. पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतो. रविवारच्या आत तुमचा न्यूयॉर्कवाला दाखवला नाही तर माझं नाव बदला.”

मी म्हटलं, नाव शोधूनच ठेवतो.

संध्याकाळी ओतिलियानं भिंतीवरून डोकं काढलं. “आलं का हो मास्तर तुमचं?” नाही म्हटलं. “माझं तर झकास चालतंय. तुमचं मशीन मालकावर गेलंय, आणखी काय!” आणि हसली. ती हसली की बाजारापर्यंत ऐकू जातं.


गुरुवार, १६ नोव्हेंबर

आज सगळ्यांना झालंय काय?

सकाळी सकाळी ओतिलिया दारात. केस विंचरलेले नाहीत, नाक लाल. सर्दी झालीय म्हणाली. “मास्तर, तुमचा फोन द्या जरा. माझा पाण्यात पडला.” दिला. आत ये, कॉफी घे म्हटलं तर थांबली नाही. एरवी कॉफीला नाही म्हणणारी बाई नव्हे ती!

मग रादामेसकडे गेलो. आत तिघं-चौघं पडद्यापुढे डोकी घालून बसलेले. मी पाय ठेवला आणि सगळ्यांनी पटापट पडदे बंद केले. “काय रे निर्लज्जांनो, असलं बघायला सायबरवर येता होय?” म्हटलं. एकही हसला नाही. एकजण टोपी काढून हातात धरून बसला.

रादामेस म्हणाला, फाईल चुकीची निघाली. मग म्हणाला, मशीन ठेवून जा, सोमवारी बघू.

“सोमवारी? अरे, रविवारी विल्किनचा फोन आहे!”

तो टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरशी खेळत बसला. “सोमवारी, मास्तर.”

“काल नावं बदलायच्या गोष्टी करत होतास ना?”

तर उठून मला मिठी मारली! रादामेसनं! घट्ट. क्लासमधून पास होऊन गेला तेव्हा धड हात मिळवला नव्हता. मी लॅपटॉप काढून घेतला आणि निघालो. पिऊन आला असावा, पण वास तर येत नव्हता.

परतताना चेपेच्या दुकानावरून आलो. किराणाही तिथंच, बिअरही तिथंच, आणि ते दोन पुरुषभर उंचीचे स्पीकर. आवाज कमी कर म्हणून त्या माणसापुढे मी किती वर्षं घसा फोडतोय! आज मी कोपऱ्यावर दिसल्याबरोबर त्यानं गाणं बंदच केलं. नुसतं चिडीचूप. डॉमिनोज खेळणाऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. मी म्हटलं, “शेवटी अक्कल आली तर!” चेपे म्हणाला, “हो मास्तर.” पाव दिला आणि दोन्ही हातांनी दिला.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ओतिलियानं ओल्या तुरीचा भात पाठवला, नारळाच्या दुधातला. विल्किनचा आवडता. नाताळला आल्यावर करणार होती, आजच कसा केला कुणास ठाऊक. फोन मागितला तर “उद्या”.


शुक्रवार, १७ नोव्हेंबर

आलं! खूण आली!

कुणाच्या बापाची मदत न घेता! रात्री झोप नव्हतीच, म्हटलं सकाळी मीच बघतो. सेटिंगच्या अगदी तळाशी, म्युनिसिपालिटीत साहेबाचं टेबल असतं तसं सगळ्यात आत, एक वाक्य सापडलं — ‘आधीच्या आवृत्तीकडे परत जा.’ मशीन विचारतं, का जायचंय परत? खाली कारणं दिलेली, त्यातलं एक निवडायचं. मी निवडलं: आधीचंच बरं होतं. मग परत निळा पडदा, परत गोल गोल. उघडलं तर पिवळं चिन्ह नाही, आणि कोपऱ्यात खूण! ‘ओतिलिया’ असं नाव दिसतंय, चारही कांड्या भरलेल्या. मी खुर्चीतून उठून एकटाच टाळ्या वाजवल्या.


तोच दिवस, संध्याकाळी

अक्षर वाकडं येतंय.

पासवर्ड टाकला. चुकीचा म्हणालं. परत टाकला, एकेक अक्षर बघून. चुकीचा. टायपिंगच्या मास्तरला सांगतंय तू चुकलास! मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, मधे जागा सोडून, न सोडता — सगळं झालं. मग डोक्यात उजेड पडला. मी चुकत नाहीये. तिनं बदललाय.

ओतिलियाच्या दाराशी गेलो. पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायका बसलेल्या, मला बघून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मी कुणाकडे बघितलं नाही. कपाटावर राउटर — हिरवे दिवे लुकलुक करतायत. ठणठणीत!

“पासवर्ड बदललास?”

“मास्तर, बसा आधी. पाणी देते.”

“पाणी नको. बदललास का?”

“कंपनीकडून काहीतरी…”

“कंपनी माझ्या समोर लुकलुकतेय, ओतिलिया! सोमवारी माझ्या घरी होतं, आज तुझ्याच घरी आहे. सरळ सांग, बदललास?”

तिनं राउटरकडे बघितलं. म्हणाली, “हो. बदलला.”

“नवऱ्याचं नाव होतं ते. ते पण पुसलंस?”

एक बाई “मास्तर!” असं ओरडली. ओतिलियानं तिचा हात धरून खाली बसवलं. मी थांबायला हवं होतं. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. फोन घेऊन गेली तो परत नाही, वायफाय बंद, आणि परवा रविवार!

“तुला कुणाचा फोन येत नाही म्हणून माझा तोडतेस,” म्हणालो. “पोर नाही ना बाळ नाही. माझा पोरगा येतोय ते बघवत नाही तुला!”

सगळ्यांच्या देखत म्हणालो.

ती रडेल असं वाटलं, भांडेल असं वाटलं. तिची जीभ काही साधी नाही, एकदा तिनं चेपेला भर दुकानात रडवलंय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, “तसंच समजा, मास्तर. आज तसंच समजा.”

फोन तसाच राहिला तिच्याकडे. मागायचं सुचलंच नाही.


शनिवार, १८ नोव्हेंबर

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई घरी आली. न बोलावता! डॉक्टर मारिबेल, जिच्याकडे नंबर लावून अर्धा दिवस बाकावर बसावं लागतं. म्हणे सहज, इथून जात होते. पिशवीत ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन कोण सहज जातं? प्रेशर बघितलं, छातीला नळी लावली, दोन वर्षांपूर्वीच्या ॲटॅकची गोळी रोज घेता ना, विचारलं. घेतो. “आज उद्या चुकवू नका.” ओतिलियानं चुगली केली असणार, मास्तर वेड्यासारखा ओरडतो म्हणून. खरंच ओरडलो म्हणा.

पाऊस थांबत नाहीये. पुलाकडचा रस्ता पाण्याखाली गेलाय. हे मला ओतिलियानंच भिंतीवरून सांगितलं. काल एवढं ऐकून घेतलं आणि आज सांगते काय, तर “मास्तर, बस पुलापलीकडेच अडकलीय, उद्या सकाळी सोडतील म्हणतात.” मला काय त्याचं? मी कुठं जातोय? मी “बरं” म्हटलं आणि आत आलो.

मग बराच वेळ दाराशी उभा होतो. कोण आहे त्या बसमध्ये?

नको. वायफायचं लिहावं.

मशीन ठीक आहे. कार्ड ठीक आहे. आता फक्त पासवर्ड नाही. चौकात सरकारचं फुकट वायफाय आहे, चर्चसमोरच्या बाकांवर येतं. उद्या लॅपटॉप घेऊन तिथं बसेन. पाऊस असला तर छत्री. विल्किनला म्हणेन, बघ तुझ्यासाठी कुठं येऊन बसलोय. तो तिकीट धरेल. मी वाचेन.

(संध्याकाळी)

वीज गेली. माझा इन्व्हर्टर लागला, दिवा आला. आणि भिंतीपलीकडे ओतिलियाकडे पण दिवा आला. बरीच माणसं होती तिच्याकडे, खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. चेपेच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या सकाळपासून एकेक करून तिच्या अंगणात चालल्याच होत्या. माझी वीज, माझा फोन, आणि तिकडे माणसं जमवून बसलीय! म्हटलं बस आता. उठलो आणि इन्व्हर्टरपाशी जाऊन तिची वायर उपटली.

पलीकडे अंधार झाला. मी वाट बघत उभा राहिलो, की आता ओरडेल. शिवी देईल. या गल्लीत दिवा विझला तर माणसं सरकारच्या आईपासून सुरुवात करतात!

“काड्यापेटी कुठंय?” एवढंच कुणीतरी विचारलं.

काडी ओढल्याचा आवाज आला. भिंतीच्या कडेवर मेणबत्तीचा उजेड हलला. मग कुणीतरी बाई हळू आवाजात काहीतरी म्हणायला लागली आणि बाकीच्या तिच्या मागून. शब्द मला ऐकायचे नव्हते. मी रेडिओ लावला, मोठ्यानं. पण मग रेडिओही बंद केला.

एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.


रविवार, १९ नोव्हेंबर

पाऊस थांबलाय.

चांगला शर्ट घातला, विल्किननं पाठवलेला, निळा. लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला. चष्मा पुसला. चेपेचं दुकान बंद होतं. रविवारी! आत लोक होते, दार अर्धं ओढलेलं, गाणं नाही. गल्लीच्या तोंडाशी रादामेस मोटारसायकलवर बसलेला. “कुठं मास्तर?” चौकात, म्हटलं. “मी सोडतो घरी, चला.” “घरून तर आलो!” तो खाली उतरला. माझ्या मागून मोटारसायकल ढकलत, इंजिन न लावता, चौकापर्यंत आला. मी वळून बघितलं नाही.

बाक ओला होता. पिशवी खाली टाकून बसलो. उघडलं. नेटवर्कांची यादी आली, सरकारचं पण आलं. पासवर्ड लागत नाही त्याला. दाबलं.

जोडलं.

मंगळवारपासून ज्याच्यासाठी जीव काढला, ते एका बोटात झालं. कांड्या भरल्या. आणि मग टिंग वाजलं. एकदा नाही. टिंग टिंग टिंग, एकामागून एक, थांबेचना. खालच्या खुणेवर आकडा वाढत चाललाय. मला कोण पाठवतं इतके? विल्किन आठवड्यात एक पाठवतो, तोही कोंबडीचं चित्र. आकडा वाढतोच आहे. आणि त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका, रविवारी ह्या वेळेला असतो तो, नाही.

बोट बटणावर होतं. एक दाबलं की सगळं उघडलं असतं.

चर्चपाशी रादामेस टोपी हातात धरून उभा होता. तोही माझ्या बोटाकडेच बघत होता.

मी झाकण बंद केलं. नीट, आवाज न करता. पिशवीत गुंडाळलं आणि उठलो. रादामेस आला आणि ती पिशवी माझ्या हातातून घेतली. मी दिली. आम्ही चालत आलो, तो कडेनं मोटारसायकल ढकलत, मी मधून. वाटेत दारं उघडी होती आणि दारांत माणसं उभी होती. कुणी “काय म्हणता मास्तर” म्हटलं नाही.

आता घरी बसलोय. हे लिहितोय कारण हाताला काहीतरी काम हवं. खोलीला रंग दिलाय त्याच्या, फिका हिरवा. अजून वास येतो रंगाचा. खिडकी उघडून ठेवायला हवी होती.

गल्लीत गाडी थांबल्यासारखी वाटली.


रविवारच

ग्रेगोरिया आली. चप्पल चिखलानं भरलेली. तिच्यामागे डॉक्टर मारिबेल. सगळ्यात मागे ओतिलिया, एका हातात माझा फोन, दुसऱ्या हातात काढ्याचा कप.

मी विचारलं नाही. आधी इन्व्हर्टरपाशी गेलो आणि ओतिलियाची वायर परत लावली. आज दोन्ही घरांत माणसं बसतील. मग खुर्चीत बसलो आणि कप घेतला.